मुलाखत घेताना काय विचारायचं आणि काय नाही

मुलाखतीतले बहुतेक अडचणीचे प्रश्न चहा येईपर्यंतच्या गप्पांत विचारले जातात. "कुठले तुम्ही?" "नाही, मूळ गाव?" "घरी कोण कोण असतं?" "मिस्टर कुठे असतात?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसतं, समोरच्याला जरा मोकळं वाटावं एवढाच हेतू. पण या चार प्रश्नांतून जात, धर्म, लग्न, मुलं आणि घरची ऐपत असं सगळं पाच मिनिटांत टेबलावर येतं. नंतर निवडीत ते धरलं नाही हे तुम्हाला कुणालाच दाखवून देता येत नाही, स्वतःलाही नाही.

पुढची पद्धत साधारण वीस ते दोनशे माणसांच्या कंपन्यांसाठी आहे. चाकण, अंबड किंवा गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो, नाही तर शहरातलं ऑफिस, जिथे एचआर म्हणजे एकच माणूस किंवा खुद्द मालक.

कायदा कुठे कुठे लागतो

खासगी नोकरभरतीत कसलाही भेदभाव करू नका असं एका जागी सांगणारा कायदा भारतात नाही. संविधानाची १५ आणि १६ ही कलमं मुख्यतः शासनाला बांधतात. खासगी मालकाला लागू होणाऱ्या तरतुदी वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत, आणि त्यामुळेच त्या नजरेतून सुटतात.

स्त्री म्हणून भरतीत डावलायला बंदी १९७६ च्या समान वेतन कायद्यात होती. आता ती २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कामगाराशी भेदभाव करू देत नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत २०१९ चा कायदा भरतीचा थेट उल्लेख करून भेदभावाला मनाई करतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी मागताच येत नाही. तरी काही ठिकाणी 'प्री-एम्प्लॉयमेंट मेडिकल'च्या छापील यादीत ती चाचणी अजून सापडते. लॅबने दिलेलं पॅकेज न वाचता स्वीकारल्याचा हा परिणाम. आपली यादी एकदा काढून बघा.

जातीच्या बाबतीत १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आहेत. इतरांना खुली असलेली नोकरी अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला करू न देणं त्यांच्या कक्षेत येतं. लोकांसमोर जातीवरून केलेला अपमान तर येतोच, मग तो 'गमतीत' केलेला असला तरी.

याचा अर्थ "लग्न झालंय का?" असं तोंडातून गेलं की लगेच गुन्हा झाला, असा नाही. मात्र त्या उमेदवाराला नाकारल्यावर तोच प्रश्न तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो. न्यायालयं या बाबतीत जुन्या काळापासून कडक आहेत. नीरा माथुर यांच्या १९९१ च्या प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये महिला उमेदवारांना मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांची माहिती भरावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकायला सांगितले आणि माथुर यांना कामावर परत घ्यायला लावलं. तसले रकाने आज फॉर्ममध्ये दिसत नाहीत. तीच माहिती "मग पुढचं काय प्लॅनिंग?" असं विचारून काढली जाते.

आधी कामाचा कागद

जाहिरात लिहिण्यापूर्वी एका पानावर कामाचं वर्णन लिहा. 'कष्टाळू, होतकरू, चांगल्या घरातला' असे शब्द तिथे नकोत. प्रत्यक्ष हालचाल, वेळ आणि निर्णय लिहायचे. गुणवत्ता निरीक्षकासाठी असं: व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटरने मापं घेणं, ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचणं, माल नापास केल्यावर प्रॉडक्शनचा दबाव आला तरी सही न करणं, पाळी दर आठवड्याला बदलणार, महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी, २५ किलोपर्यंतचा ट्रे दिवसातून अनेकदा उचलावा लागतो.

या ओळींतून सहा ते आठ प्रश्न निघतात. ज्या प्रश्नामागे या पानावरची एखादी ओळ दाखवता येत नाही, तो विचारायचा नाही. ही एक चाळणी पाळली की कायद्याची निम्मी काळजी मिटते.

जाहिरातीतही हेच. 'फक्त मुली पाहिजेत, रिसेप्शनसाठी', 'अविवाहितांना प्राधान्य', 'वय २५ च्या आत, देखणा चेहरा' ही वाक्यं काढा. प्लेसमेंट एजन्सीला फोनवर तोंडी दिलेली "जरा आपल्यातला बघा" ही सूचनाही तुमचीच सूचना आहे. एजन्सीला कामाचा तोच कागद पाठवा, ईमेलने. अधिवास मात्र काही कारखान्यांना विचारावा लागतो, कारण शासनाच्या प्रोत्साहन योजनेत स्थानिकांच्या रोजगाराची अट असते. तसं असेल तर अधिवास प्रमाणपत्र आहे की नाही एवढंच विचारा, आणि सगळ्यांना विचारा. आडनावावरून अंदाज बांधू नका.

फॉर्म आणि बायोडाटा

आपल्याकडे नोकरीचा आणि लग्नाचा बायोडाटा बहुधा झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच फाइलमधून निघतो: धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, रक्तगट, सगळं हजर. उमेदवाराने लिहिलं त्याला इलाज नाही. तुमच्या फॉर्ममध्ये ते रकाने नसावेत. मुलाखतीच्या टप्प्यावर नाव, संपर्क, शिक्षण, अनुभव, नोटीस पिरियड आणि वयाची १८ वर्षं पूर्ण आहेत का, एवढं पुरतं. रक्तगट ओळखपत्रासाठी लागतो, तो रुजू झाल्यावर घ्या. शाळा सोडल्याचा दाखला या टप्प्यावर मागूच नका. त्यावर जात आणि धर्म लिहिलेले असतात. वयाचा पुरावा रुजू होताना पॅन कार्ड किंवा वाहन परवान्यावरूनही मिळतो.

चाळणी करणाऱ्या माणसाकडे बायोडाटा जाण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी आडनाव आणि फोटो झाकून क्रमांक टाकावा. हा अतिरेक वाटत असेल तर सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास आठवावा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांना प्रश्न विचारले. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं म्हणणारी हीच मंडळी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानत होती.

प्रश्न बदलायचे कसे

नको त्या प्रश्नामागे बऱ्याचदा खरी गरज असते. प्रश्न काढून टाकून ती गरज भागत नाही; मग ती आडवाटेने विचारली जाते. म्हणून गरज ओळखून तीच सरळ विचारा.

"लग्न कधी करणार?" यामागे भीती असते की माणूस वर्षभरात सोडून जाईल. विचारा: "हे काम हाताला बसायला आठ-नऊ महिने लागतात. पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला कामात कुठवर जायचं आहे?" पुरुषांनाही तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

"मुलं लहान आहेत, सांभाळणार कोण?" याच्या जागी: "पाळी सकाळी सातला सुरू होते, महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. या वेळा पाळता येतील का?" उत्तर 'हो' आलं की विषय संपला. "घरचे परवानगी देतील का?" हा पुढचा प्रश्न विचारायचा नाही, तुमच्यासमोर एक सज्ञान माणूस बसलेलं आहे. स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी त्यांची स्वतःची संमती कायद्यानेच लागते. दुकाने कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात ही वेळ धरली आहे, तर चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेत संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वीच्या कामासाठी संमती लागते. ती संमती ऑफर दिल्यानंतर लेखी घ्या, आणि ये-जा, सुरक्षितता यांची काय सोय आहे हे आधी तुम्ही सांगा.

"कुठे राहता? कोणत्या एरियात?" याच्या जागी: "इथे वेळेवर पोहोचता येईल ना? कंपनीची बस अमुक चौकातून सुटते." वस्तीच्या नावावरून धर्म आणि जात दोन्ही कळतात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं.

"मातृभाषा कोणती?" याच्या जागी: "ग्राहकांशी मराठीत आणि हिंदीत बोलावं लागेल, एक तक्रार फोनवर आली आहे असं समजून बोलून दाखवता का?" "व्हेज की नॉनव्हेज?" याला बदली प्रश्नच नाही. कँटीनचे नियम रुजू झाल्यावर सगळ्यांना एकत्र सांगा.

गरोदरपणाबद्दल काहीही विचारायचं नाही, दिसत असलं तरी. यामागची भीती बहुधा प्रसूती रजेतल्या २६ आठवड्यांच्या पगाराची असते. ज्या कामगारांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे, म्हणजे ज्यांचं वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांचा प्रसूती लाभ पात्रता पूर्ण झाल्यावर ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही. कित्येक मालक ज्या खर्चाच्या भीतीने बाईला नाकारतात, तो खर्च त्यांच्या खिशातून जाणारच नसतो.

गुन्ह्यांची पार्श्वभूमी विचारायची असेल तर कामाशी जोडून विचारा. रोख रक्कम हाताळणाऱ्याला फसवणुकीच्या शिक्षेबद्दल विचारणं समजू शकतं, "कधी पोलीस स्टेशनला गेलायत का?" हे नाही. गुन्हा दाखल होणं आणि दोषी ठरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अल्पवयात घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे सहसा अपात्रता येत नाही, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे.

पाऊण तास कसा वापरायचा

पॅनलमध्ये दोन किंवा तीन माणसं, त्यांत शक्यतो एक स्त्री. पाच जण समोर बसले की मुलाखतीची तोंडी परीक्षा होते. सुरुवातीची पाच मिनिटं तुम्ही बोला: कंपनी काय बनवते, काम कोणतं, मुलाखत किती वेळ चालेल, आम्ही टिपणं घेणार आहोत. मोकळं करण्यासाठी गावगप्पांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. पुढची तीस मिनिटं ठरलेले प्रश्न, ठरलेल्या क्रमाने. शेवटची दहा मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांसाठी. ऑनलाइन मुलाखत रेकॉर्ड करणार असाल तर बटण दाबण्यापूर्वी विचारा. नकार दिला तर टिपणांवर भागवा.

जागा ऑफिसची, वेळ ऑफिसची. हॉटेलची खोली नको, साहेबांचं घर नको, सगळे गेल्यानंतरची केबिन नको. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात तक्रार करणारी स्त्री तुमची कर्मचारी असावी लागत नाही. मुलाखतीला आलेली उमेदवारही तक्रार करू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तुमच्या अंतर्गत समितीकडे, नाहीतर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, साधारण तीन महिन्यांच्या आत. नोकरीच्या मोबदल्यात काही सुचवणं तर सरळ छळाच्या व्याख्येतच आहे. रात्री दहानंतर वैयक्तिक नंबरवरून पाठवलेला "कशी वाटली मुलाखत?" हा मेसेजही टाळा.

सगळी तयारी असूनही मुलाखत बिघडते ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे मोठे साहेब किंवा मालकांचे वडील सहज डोकावतात, खुर्ची ओढतात आणि "कुठले पाहुणे?" म्हणून सुरू होतात. त्यांना आधीच कागद द्या आणि एकच प्रश्न त्यांच्या नावावर ठेवा. हातात काम असलं की माणूस भरकटत नाही. तरीही प्रश्न आलाच तर पॅनलमधल्या एकाने लगेच म्हणायचं, "सर, हे आपल्या यादीत नाही, पुढे जाऊ या," आणि उमेदवाराकडे वळून, "याचं उत्तर द्यायची गरज नाही." हे कोण म्हणणार ते आधी ठरवा. ठरलेलं नसलं की सगळे पेपरकडे बघत बसतात.

दुसरं ठिकाण जास्त अवघड: उमेदवार आपणहून सांगतो. "मला दोन वर्षांची मुलगी आहे, पण सासूबाई असतात." "मागच्या वर्षी डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू होती म्हणून गॅप आहे." इथे सहानुभूतीने पुढचा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. तो आवरा. "ठीक आहे. आता तुमच्या मागच्या कामाकडे येऊ या," एवढं बोला आणि ती माहिती कागदावर लिहू नका. टिपणाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं 'नवीन लग्न', 'घरचं बरं आहे', 'जरा नाजूक वाटते' हेच उद्या समितीसमोर किंवा न्यायालयात वाचलं जाईल.

करून दाखवायला सांगा

बोलघेवडेपणाचा फायदा कमी करायचा असेल तर कामाचा तुकडा द्या, वीस ते तीस मिनिटांचा. निरीक्षकाला पाच तयार पार्ट, ड्रॉइंग आणि ०.०२ मिमी लघुत्तम मापाचा व्हर्नियर. दोन पार्ट मुद्दाम टॉलरन्सबाहेरचे ठेवा. अकाउंट्सवाल्याला खरेदीची दहा बिलं आणि जीएसटीआर-२बीचा (पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीचा) उतारा. तीन ठिकाणी जुळत नाही, कुठे ते शोधायचं. सगळ्यांना तोच संच, तेवढाच वेळ, तोच टेबल. बिलांवर खऱ्या पुरवठादारांची नावं ठेवू नका.

चाचणीच्या नावाखाली काम करून घेणं हा अलीकडचा रोग आहे. डिझायनरला "आपल्या दिवाळी कॅम्पेनची तीन पोस्ट करून आणा" सांगायचं, दहा जणांकडून तीस पोस्ट गोळा करायच्या आणि कुणालाच घ्यायचं नाही. दोन तासांपेक्षा जास्त काम लागत असेल तर त्याचे पैसे द्या. केलेलं काम वापरणार असाल तर तसं लेखी ठरवा. 'तीन दिवस बिनपगारी ट्रायल' ही सरळ मजुरी आहे.

दिव्यांग उमेदवार

बोलावणं पाठवतानाच सगळ्यांना एक ओळ लिहा: "मुलाखतीसाठी काही सोय लागत असेल तर कळवा." तळमजल्यावरची खोली, खुणांच्या भाषेचा दुभाषा, जास्त वेळ, स्क्रीन रीडर चालणारा संगणक अशी मागणी येऊ शकते. "हे कसं झालं?" आणि "जन्मापासून का?" हे प्रश्न कायमचे बंद. "हे काम असं आहे, ते तुम्ही कसं कराल, त्यासाठी काय लागेल?" हा प्रश्न योग्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेचं समान संधी धोरण असायला हवं. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्यात योग्य पदं, सोयी, निवडीची पद्धत असा तपशील द्यायचा असतो. धोरण नसेल तर मुलाखतीआधी तेच करा.

वैद्यकीय तपासणी ऑफरनंतर, आणि कामाला लागेल तेवढीच. धोकादायक प्रक्रियेच्या कामावर नेमण्यापूर्वी तपासणी बंधनकारक आहे. अकाउंट्सच्या माणसाचा ईसीजी मागायला काहीच कारण नाही. डॉक्टरांकडून 'कामास योग्य' किंवा 'अमुक बंधनासह योग्य' एवढाच शेरा मागवा, पूर्ण रिपोर्ट नको.

गुण आणि कागदपत्रं

प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि १, ३, ५ म्हणजे काय हे आधी लिहिलेलं. 'दबाव आला तर माल पास कराल का?' या प्रश्नाला 'वरिष्ठ सांगतील तसं' हे १, 'नाही म्हणेन' हे ३, 'नाही म्हणेन, माल वेगळा ठेवेन, नोंद करून गुणवत्ता प्रमुखांना कळवेन' हे ५. उमेदवार बाहेर पडला की पॅनलने न बोलता आपापले गुण लिहायचे आणि मगच चर्चा करायची. आधी बोललात तर सर्वांत वरिष्ठाचाच आकडा सगळ्यांचा होतो. 'आपल्यात मिसळेल' असा रकाना ठेवू नका. त्यात आडनाव, बोलण्याचा हेल आणि कपडे यांनाच गुण मिळतात.

पगाराच्या बाबतीत आधी तुम्ही पट्टा (किमान ते कमाल) सांगा, मग त्यांची अपेक्षा विचारा. जुना पगार विचारण्यावर बंदी नाही, पण त्यावर २० टक्के वाढवून देण्याच्या रिवाजाने आधी कमी पगार मिळालेली बाई पुढेही कमीच मिळवत राहते. सॅलरी स्लिप हवीच असेल तर खातं क्रमांक, पॅन आणि यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक) झाकून मागा. सध्याच्या मालकाला फोन ऑफर स्वीकारल्यानंतर आणि उमेदवाराच्या परवानगीनेच. आधी केलेल्या एका फोनने हातची नोकरी जाऊ शकते. मूळ प्रमाणपत्रं बघून तिथेच परत द्यायची, कपाटात ठेवायची नाहीत. अनामत, 'ट्रेनिंग फी', गणवेशाचे पैसे यांपैकी काहीही मुलाखतीत मागू नका.

नकार सात दिवसांत कळवा, दोन ओळींत. कारण विचारलं तर गुणांच्या कागदावरचंच सांगा: "टॉलरन्स वाचण्यात दोन पार्ट चुकले." जागा भरली नसताना "भरली" म्हणू नका, जाहिरात पुढच्या आठवड्यातही दिसणार असते. निवडलेल्याला ऑफरमध्ये मूळ वेतन, कपाती वजा करून हातात येणारी रक्कम, पाळी, प्रोबेशन आणि नोटीस पिरियड लिहून द्या. नियुक्तिपत्र आता व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावंच लागतं.

उरतो नाकारलेल्यांच्या कागदांचा ढीग. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती कशासाठी घेतोय आणि किती दिवस ठेवणार हे फॉर्मवरच छापा; सहा महिने हा व्यवहार्य कालावधी आहे. आधार मुलाखतीला मागू नका. रुजू होताना लागलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. बायोडाटे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची सवय आधी मोडा, कारण तिथून ते पुसता येत नाहीत. पॅनलला एकाच फोल्डरची लिंक द्या आणि सहा महिन्यांनी तो फोल्डर, ईमेलमधल्या प्रती आणि छापील कागद एकाच दिवशी नष्ट करून रजिस्टरमध्ये तारीख टाका. तक्रार किंवा खटला चालू असेल तर फक्त त्या भरतीचे कागद बाजूला ठेवा.